महाविद्यालयांचे विलीनीकरण : काटकसर आणि परंपरा

सायखेड्याहून गोदावरी पुढे जाते आणि नांदूर मध्यमेश्वर येथे कादवा तिला येऊन मिळते. संगमानंतर कादवेचे नाव राहत नाही. परंतु तिचे पाणी काही नाहीसे होत नाही. ते गोदेच्या पात्रातून आणि पुढे कालव्यांतून शेतापर्यंत जाते. दोन शिक्षणसंस्था एकत्र केल्या जातात तेव्हाही प्रश्न याच स्वरूपाचा असतो. नाव गेले याचे दुःख करीत बसायचे, की पाणी कोठे गेले याचा शोध घ्यायचा? दुर्दैवाने अशा वेळी जे वाद होतात ते बहुधा नावाविषयी होतात आणि पाण्याचा हिशेब कोणीच मांडत नाही.

सरकारी पैशावर चालणारी महाविद्यालये एकत्र करावीत, लहान संस्था मोठ्या संस्थांत मिळवाव्यात, त्यामुळे खर्च वाचेल आणि दर्जा वाढेल, हा विचार आज पुन्हा जोराने मांडला जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाची प्रत्येक संस्था बहुशाखीय असावी आणि तिच्यात तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत, असे ध्येय सांगितले आहे. ग्रामीण भागातील आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. म्हणून तो भावनेच्या भरात न पाहता इतिहासाच्या आधाराने समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दांचा उलगडा

प्रथम शब्द स्वच्छ करून घेऊ. व्यवहारात आपण ‘विलीनीकरण’ या एकाच शब्दाने तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे दोन संस्था मिळून तिसरीच नवी संस्था होणे. दुसरी म्हणजे संस्था आपापल्या जागी, आपापल्या नावाने राहून त्यांच्यावर एकच कारभार येणे. यालाच हल्ली ‘समूह विद्यापीठ’ असे म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे एक संस्था सरळ बंद करून तिचे विद्यार्थी दुसरीकडे पाठविणे. कागदावर तिन्हींना एकच गोंडस नाव देता येते. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्या गावात कोणता प्रस्ताव येत आहे हे विचारताना या तिन्हींपैकी कोणता, हे आधी विचारले पाहिजे.

काटकसरीची बाजूही प्रामाणिकपणे समजून घ्यावी लागेल. सरकारचा पैसा हा शेवटी शेतकऱ्याचा, मजुराचा, करदात्याचा पैसा असतो. एका वर्गात चार विद्यार्थी, शेजारच्या गावी त्याच विषयाला पाच विद्यार्थी, दोन्हीकडे स्वतंत्र अध्यापक, स्वतंत्र कार्यालय आणि दोन्हीकडे अर्धवट ग्रंथालय, अशी स्थिती असेल तर तिचे समर्थन ‘परंपरा’ या शब्दाने करता येणार नाही. ज्या महाविद्यालयात पुस्तके नाहीत, अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर सारा भार आहे, ते केवळ चालू आहे म्हणून चांगले आहे असे म्हणणे म्हणजे आपणच आपली फसवणूक करून घेणे होय.

तेव्हा काटकसर हा शत्रू नव्हे. काटकसर कशाची करावयाची आणि जपावयाचे ते काय, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्रात एक असे उदाहरण आहे की, ज्यात एकाच संस्थेच्या वाट्याला विलीनीकरणही आले, काटकसरीपायी बंद पडणेही आले आणि पुनर्जन्मही आला. ते उदाहरण म्हणजे पुण्याचे डेक्कन कॉलेज.

दक्षिणेतून कॉलेज

पेशवाईत दरवर्षी श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या इंग्रज सरकारपुढे प्रश्न आला की, या खर्चाचे काय करावे? तो एकदम बंद केला तर पुण्यातील विद्वान वर्ग दुखावणार, आणि जसाच्या तसा चालू ठेवला तर नव्या राज्याला त्याचा उपयोग काय? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने मधला मार्ग काढला. दक्षिणेच्या पैशाचा काही भाग विद्यादानाकडे वळवून पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. ६ ऑक्टोबर १८२१ हा तिचा स्थापनादिवस. तिला ‘हिंदू कॉलेज’ असेही म्हणत. न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष इत्यादी शास्त्रे तेथे जुन्या पद्धतीने शिकविली जात.

म्हणजे पाहा, या संस्थेचा जन्मच मुळी जुन्या परंपरेच्या पुनर्रचनेतून झाला. देणगीचे दान होते. त्याची पाठशाळा झाली. विद्येला राजाश्रय द्यावा हे कर्तव्य कायम राहिले, ते पार पाडण्याची रीत मात्र बदलली.

पण ही पाठशाळा सर्वांची नव्हती. ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती, आणि दक्षिणेच्या रकमेवर आपलाच वारसाहक्क आहे असे पुण्यातील सनातनी मंडळी मानीत. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या उत्तेजनासाठी खर्च व्हावा. यावरून पुण्यात मोठा क्षोभ झाला. जोतीराव फुले यांनी या अर्जदारांची पाठराखण केली. पुढे ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली आणि तिच्या उत्तेजनाने मराठी ग्रंथरचनेला आधार मिळाला.

या प्रसंगापासून शिकण्यासारखे एवढे की, परंपरेच्या नावाने बोलणारे सर्वच जण परंपरेचे रक्षक नसतात. काहींना परंपरा म्हणजे आपला वाटा असे वाटत असते. विलीनीकरणाला विरोध होतो तेव्हा तो विद्येसाठी आहे की वाट्यासाठी आहे, हे ओळखण्याची नजर आपल्याजवळ असली पाहिजे.

१८५१ : पहिले विलीनीकरण

१८५१ मध्ये ही संस्कृत पाठशाळा आणि पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ निर्माण झाले. मोल्सवर्थ यांच्या सोबतीने मराठी कोशाचे काम करणारे मेजर कँडी हे त्याचे प्राचार्य झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर या कॉलेजला विद्यापीठीय स्वरूप आले. १८६४ मध्ये त्याचे नाव ‘डेक्कन कॉलेज’ झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या बाजूस स्वतःच्या दगडी इमारतीत गेले. त्या इमारतीच्या खर्चाचा मोठा वाटा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आला होता. ही देणगी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिला फार महत्त्व येणार आहे.

या विलीनीकरणात काय गेले आणि काय राहिले? शास्त्री पंडितांची जुनी अध्ययनपद्धती हळूहळू मागे पडली, हे नाकारता येत नाही. एकेका ग्रंथावर वर्षानुवर्षे बसून पाठ करण्याची ती रीत परीक्षांच्या वेळापत्रकात बसणारी नव्हती. पण संस्कृत विद्या मात्र गेली नाही. तिला नवी दृष्टी मिळाली. याच कॉलेजात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत शिकविले आणि जुन्या ग्रंथांकडे इतिहासाच्या, भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची शिस्त लावली. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्री याच आवारात जुळली, आणि त्या मैत्रीतून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्याला बळ मिळाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हेही येथलेच विद्यार्थी.

एका सरकारी कॉलेजातून सरकारशी झुंज घेणारी माणसे निघाली, ही गोष्ट खर्चाच्या ताळेबंदात कोणत्या रकान्यात लिहावी? विद्यार्थी मित्रांनी या प्रश्नाचा जरूर विचार करावा. शिक्षणावरील खर्चाचे हिशेब लगेच होतात. त्याचे उत्पन्न यायला पिढी जावी लागते, आणि ते कित्येकदा पैसे देणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळेच असते.

१९३४ : काटकसरीची कुऱ्हाड

१९२९ नंतर जगभर आर्थिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, सरकारी उत्पन्न घटले आणि मुंबई सरकारने ठिकठिकाणी खर्चात कपात सुरू केली. या कपातीत डेक्कन कॉलेजचा बळी गेला. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले.

सरकारच्या बाजूने विचार केला तर हा निर्णय अगदीच बिनबुडाचा होता असे म्हणता येत नाही. १८२१ मध्ये पुण्यात दुसरी अशी संस्था नव्हती. १९३४ मध्ये १८८५ साली निघालेले फर्ग्युसन कॉलेज होते, १९१६ साली निघालेले आणि पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय होते. खाजगी संस्था कमी खर्चात बी. ए. चे शिक्षण देत असताना सरकारने त्याच शहरात त्याच शिक्षणासाठी स्वतंत्र कॉलेज कशाला चालवावे? आजही विलीनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावामागे हाच युक्तिवाद असतो : तेच काम शेजारी होत आहे, मग हे दुसरे कशाला?

माजी विद्यार्थ्यांनी हा निर्णय मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांनी केवळ आठवणींचे उमाळे काढले असते, सभा भरवून ठराव केले असते, तर बहुधा काहीच झाले नसते. ते न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, हे कॉलेज म्हणजे सरकारची मनास येईल तेव्हा मोडावी अशी मालमत्ता नाही. त्यासाठी लोकांकडून देणगी घेतली गेली आहे. विशिष्ट हेतूसाठी पैसा स्वीकारला की तो हेतू पार पाडण्याचे बंधन स्वीकारणाऱ्यावर येते. म्हणजे सरकार येथे मालक नसून विश्वस्त आहे.

वाद भावनेच्या पातळीवरून कर्तव्याच्या पातळीवर आला, हे या लढ्याचे मर्म होय. ‘आमचे कॉलेज जुने आहे म्हणून वाचवा’ या म्हणण्यात आणि ‘तुम्ही जी जबाबदारी घेतली आहे ती पुरी करा’ या म्हणण्यात फार फरक आहे. पहिल्यात विनंती आहे. दुसऱ्यात हिशेब मागितलेला आहे.

१९३९ : नाव तेच, काम नवे

अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा सुरू झाले. परंतु ते पूर्वीचे बी. ए. चे कॉलेज म्हणून नव्हे, तर ‘पदव्युत्तर व संशोधन संस्था’ म्हणून.

या तोडग्याचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. सरकारचे म्हणणे होते की, तेच काम पुण्यात दुसरीकडे चालू आहे. ते खरे होते. माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे होते की, घेतलेली जबाबदारी टाकता येणार नाही. तेही खरे होते. १९३९ च्या पुनर्रचनेने दोन्ही गोष्टींचा मान राखला. फर्ग्युसन आणि स. प. जे करीत होते ते पुन्हा करायचे नाही, आणि कोणीच करीत नाही ते करायचे. भाषाशास्त्र, प्राचीन इतिहास व पुरातत्त्व, मराठ्यांचा इतिहास, समाजशास्त्र या विषयांत मूलभूत संशोधन करणारी संस्था त्या काळी महाराष्ट्राला हवीच होती. १८२१ चे मूळ कर्तव्य ‘या भूमीच्या विद्येचे अध्ययन’ हे होते असे मानले, तर १९३९ ची संस्था त्या कर्तव्याच्या १९३४ च्या कॉलेजपेक्षाही अधिक जवळ गेली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पुढील काळात काय झाले ते सर्वांसमोर आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये हाती घेतले; त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते काम पुढच्या पिढ्यांनी चालूच ठेवले. डॉ. इरावती कर्वे यांनी येथे राहूनच नातेसंबंधांचा आणि समाजरचनेचा अभ्यास केला. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपताच्या लढाईचा अभ्यास येथूनच पूर्ण केला. १९९० मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आणि आपल्या दृष्टीने सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेले उत्खनन. नाशिकला गोदेच्या काठी मातीच्या गढीवर आणि संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे येथे ते झाले. जोर्वे येथे लाल रंगावर काळ्या नक्षीची भांडी आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्या गावाच्या नावावरून ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव भारताच्या पुरातत्त्वात रूढ झाले. गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी, मातीची घरे बांधणारी माणसे राहत होती, हे आपल्याला या शोधांमुळे कळले. मराठवाड्यापासून खानदेशापर्यंत आपली काळी माती किती काळ कसली जात आहे, याचा पुरावा हाती आला.

१९३४ मध्ये ज्या संस्थेला कुलूप लागले, तिनेच सोळा-सतरा वर्षांनी आपल्या खोऱ्याचा इतिहास उकरून आपल्या हाती दिला. ते कुलूप कायमचे राहिले असते तर सरकारचे किती रुपये वाचले असते याचा आकडा काढता आला असता. काय गमावले असते याचा आकडा कोणालाच काढता आला नसता, कारण जे झालेच नाही त्याची नोंद कोठेच होत नाही.

मुंबईचे उदाहरण

पुण्याचा हा अनुभव एकाकी नाही. मुंबईत १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन गेला तेव्हा नागरिकांनी वर्गणी जमवून त्याच्या नावाने प्राध्यापकपदे निर्माण करण्याचे ठरविले. त्यातून एल्फिन्स्टन कॉलेजचा उगम झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये तेथे साहाय्यक प्राध्यापक झाले. १८४० मध्ये हे कॉलेजचे वर्ग आणि नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा एकत्र करून एकच संस्था करण्यात आली. पण शाळा आणि कॉलेज यांचे काम निराळे असते हे अनुभवाने कळले आणि १८५६ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेज पुन्हा स्वतंत्र झाले. एकदा एकत्र केलेले पुन्हा वेगळे करावे लागले, याची ही नोंद विलीनीकरणाच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी वाचण्यासारखी आहे.

अलीकडे, २०१९ मध्ये, मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ सुरू झाले. त्यात एल्फिन्स्टन कॉलेज, १९१३ चे सिडनहॅम कॉलेज, १९२० ची विज्ञान संस्था आणि १९०६ चे माध्यमिक शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण महाविद्यालय, या चार सरकारी संस्था एकत्र आल्या. केंद्राच्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात अशा समूह विद्यापीठासाठी ५५ कोटी रुपयांची तरतूद होती, म्हणजे ही केवळ काटकसर नव्हती, आधी खर्च करावा लागणार होता. चारही संस्थांची नावे राहिली, इमारती राहिल्या. कला, वाणिज्य, विज्ञान आणि शिक्षणशास्त्र यांची भिंत मोडून एकाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याकडे शिकता यावे, असा त्यामागील विचार आहे.

या ठिकाणी एक आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आज ही दोन्ही महाविद्यालये एका विद्यापीठात आहेत. या विद्यापीठाची परंपरा कोणती, असे उद्या कोणी विचारले तर काळा घोडा येथील देखणी इमारत दाखविणे पुरेसे होणार नाही. ज्याला इतर ठिकाणी दार बंद असे त्या मुलाला तेथे बाकावर जागा मिळाली, ही ती परंपरा. ती चालू आहे की नाही, हे दरवर्षीच्या प्रवेशांच्या यादीवरून ठरेल.

मात्र येथे एक भेद विसरता कामा नये. ही चारही महाविद्यालये दक्षिण मुंबईत एकमेकांपासून जवळ आहेत. एका संस्थेतून दुसरीत विद्यार्थी चालत जाऊ शकतो. हाच नकाशा नाशिक जिल्ह्याच्या एखाद्या तालुक्यावर ठेवता येणार नाही.

ग्रामीण महाविद्यालयाची परंपरा कोणती?

येथवर आपण दोनशे वर्षांच्या संस्थांचे बोललो. खेड्यातील महाविद्यालयाला एवढा इतिहास नसतो. त्याला ना दगडी इमारत, ना थोर माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी. मग त्याला जपण्यासारखी परंपराच नाही असे समजायचे काय?

आमच्या मते ग्रामीण महाविद्यालयाची परंपरा एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द म्हणजे जवळीक. १९१४ मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली. बहुजन समाजाचे मूल शहरापर्यंत पोचू शकत नाही, तेव्हा विद्येनेच त्याच्यापर्यंत चालत गेले पाहिजे, हा त्या चळवळींचा ध्यास होता. शेतकऱ्यांनी धान्य दिले, जमिनी दिल्या, वर्गण्या दिल्या, त्या अंतर कमी व्हावे म्हणून. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी जमशेटजींच्या देणगीचा जो आधार घेतला तोच आधार येथेही लागू होतो. फरक एवढाच की, ही देणगी एका धनिकाची नसून शेकडो सामान्यांची आहे, आणि तिच्या अटी कोणत्याही कागदावर लिहिलेल्या नाहीत.

म्हणून ग्रामीण महाविद्यालय दूरच्या मोठ्या महाविद्यालयात मिळविले, तर त्याची वास्तू किंवा नाव टिकवूनही परंपरा टिकत नाही. अंतर वाढले की परंपराच संपली.

या अंतराचा हिशेब अगदी साधा आहे. समजा, एका विद्यार्थ्याला विलीनीकरणामुळे जाण्यायेण्यात रोज दीड तास अधिक लागू लागला. वर्षाचे अध्यापनाचे दिवस १८० धरले तर २७० तास होतात. दिवसाचे सहा तास अभ्यासाचे मानले तर हे ४५ दिवस झाले. म्हणजे सरकारच्या वहीत जी बचत दिसते तिच्यासाठी त्या मुलाने वर्षातील दीड महिना एस. टी. च्या थांब्यावर मोजला. शिवाय प्रवासाचा खर्च, चुकलेली गाडी, बुडालेले तास. हा खर्च वाचला नाही. सरकारच्या वहीतून उचलून शेतकऱ्याच्या वहीत टाकला, एवढेच.

आणि हे झाले मुलाचे. मुलीच्या बाबतीत प्रश्न तासांचा राहत नाही. सकाळी घरचे काम आटोपून गावातल्या महाविद्यालयात जाणारी आणि दुपारी परत येणारी मुलगी शिकते. तिला रोज दुसऱ्या गावी पाठवायचे झाले तर कित्येक घरांत चर्चाच होत नाही. बारावीनंतर ‘पुरे झाले’ एवढे दोन शब्द पुरतात. पटावरील घटलेला आकडा पुढे पुन्हा विलीनीकरणाचे कारण म्हणून दाखविला जातो. द्राक्षाच्या छाटणीला आणि कांद्याच्या काढणीला घरी हात लावून शिकणाऱ्या मुलांचीही स्थिती फार निराळी नाही.

सायखेडा-चांदोरीकरांना तर अंतराचा अर्थ आणखी एका प्रकारे ठाऊक आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचा पूर या गावांत शिरला. पलीकडचा तीर डोळ्यांना दिसत असूनही पोचता येत नाही, असे दिवस आपण पाहिले आहेत. नकाशावरील किलोमीटर आणि पावसाळ्यातील किलोमीटर एक नसतात, हे कचेरीत बसून योजना आखणाऱ्याला कोणीतरी सांगावयास हवे.

२०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवून ‘समूह शाळां’चा विचार पुढे आणला, तेव्हा वाड्यावस्त्यांवरील पालकांनी जी काळजी व्यक्त केली तीही हीच होती. प्राथमिक शाळेचा प्रश्न आणि महाविद्यालयाचा प्रश्न यांच्या पायऱ्या निराळ्या असल्या तरी जिना एकच आहे.

मग उपाय कोणता?

केवळ नकार देऊन भागणार नाही. काटकसर करावयाची असेल तर ती कोठे करता येईल हे आपणही सुचविले पाहिजे. १९३९ च्या तोडग्यापासून आपण धडा घेऊ : शेजारी जे चालू आहे त्याची नक्कल टाळावी, आणि मूळ कर्तव्य सोडू नये.

एका तालुक्यातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून कार्यालयीन कामे एकत्र करण्यास हरकत नाही. ग्रंथालयांची एकत्र सूची करून पुस्तके फिरती ठेवता येतील. प्रत्येकाने सर्व विशेष विषय अर्धवट चालविण्यापेक्षा एकाने इतिहास, दुसऱ्याने भूगोल, तिसऱ्याने अर्थशास्त्र पदव्युत्तर पातळीवर उत्तम चालवावे, परंतु पदवीच्या पहिल्या वर्षाचे शिक्षण मात्र सर्व ठिकाणी राहावे. ज्या विषयाला प्रत्येक ठिकाणी थोडे विद्यार्थी आहेत त्याचा अध्यापक तीन महाविद्यालयांत वार ठरवून जाऊ शकेल. एका शिक्षकाने प्रवास करावा की साठ विद्यार्थ्यांनी, हे गणित अवघड नाही. अर्थात त्या शिक्षकाला पूर्ण वेतन, प्रवासभत्ता आणि नोकरीची हमी दिली तरच ते न्याय्य ठरेल. अध्यापकाला तासावारी राबवून केलेली बचत ही काटकसर नव्हे, उधारी आहे. तिचे व्याज विद्यार्थी भरतात.

तेव्हा विलीनीकरणाचा कोणताही प्रस्ताव समोर आला की, नावाच्या वादात न शिरता तीन प्रश्न विचारावेत. एक, ही संस्था कोणत्या कर्तव्यासाठी आणि कोणाच्या पैशाने निघाली, आणि ते कर्तव्य यापुढे कोण पार पाडणार? दोन, यामुळे कोणाचा रस्ता किती लांबणार? तीन, वाचलेला पैसा कोठे जाणार. तो ग्रंथालयाला, वसतिगृहाला, अध्यापकांच्या रिकाम्या जागांना मिळणार, की सरकारी तिजोरीत परत जाणार? या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत असतील, तर विलीनीकरणाला घाबरण्याचे कारण नाही. उत्तरे मिळत नसतील, तर ते विलीनीकरण नसून नुसते बंद करणे आहे, असे खुशाल समजावे.

१८५१ मध्ये नाव बदलले, पण विद्येचा प्रवाह रुंद झाला. १८४० मध्ये मुंबईत जोडलेले १८५६ मध्ये सोडवावे लागले. १९३४ मध्ये प्रवाह अडला, आणि १९३९ मध्ये काही माणसांनी आपले देणे मागून घेतले म्हणून तो पुन्हा वाहू लागला. ही माणसे कोणी मोठे सत्ताधारी नव्हते. ते त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी होते. विद्यार्थी मित्रहो, या वार्षिकांकाची पाने चाळणारे तुम्ही सर्व आणखी दोन-तीन वर्षांत माजी विद्यार्थी होणार आहात. तेव्हा महाविद्यालयाचे नाव अभिमानाने सांगाल यात शंका नाही. पण त्याहून अधिक म्हणजे, ते कोणासाठी उभे राहिले होते हे लक्षात ठेवा, आणि वेळ आली तर त्याचा हिशेब मागा.